गावतळ्यावरील पक्षी आणि शाळेची वही

अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी किहीम हे नारळी-पोफळींच्या वाड्यांचे गाव आहे. इ. स. १९३० मध्ये एक तरुण अभ्यासक सपत्नीक तेथे राहावयास आले. बर्लिन येथे पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते नुकतेच मायदेशी परतले होते. परंतु मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची मार्गदर्शकाची जागा पैशाअभावी रद्द झालेली होती आणि मनाजोगे दुसरे काम मिळत नव्हते. राहत्या घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात घरटी विणण्याची लगबग सुरू झाली, तेव्हा या गृहस्थांनी आपला सक्तीचा रिकामा वेळ त्या वसाहतीकडे पाहण्यात घालविला. कोणता नर कोणते घरटे विणतो, मादी केव्हा येते, काय पाहून परत जाते, हे ते दिवसामागून दिवस टिपीत राहिले. हे गृहस्थ म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले पक्षितज्ज्ञ सलीम अली होत. किहीम त्या काळी कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. जिल्ह्यास रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले.

सुगरणीच्या झाडावर पूर्ण घरट्यांबरोबर काही अर्धवट विणलेली घरटीही लोंबत असतात. ती कशासाठी, याविषयी लोकांत नाना तर्क चालत. किहीमच्या निरीक्षणातून त्याचा उलगडा झाला. नर घरटे निम्मेशिम्मे विणतो आणि थांबतो. मादी येऊन ते पाहते, आत शिरून पारखते. पसंत पडले तरच तेथे बिऱ्हाड थाटते. मग नर खालची नळी विणून घरटे पुरे करतो आणि मादी अंडी घालून एकटीच ती उबवीत बसली, की तो शेजारी दुसरे घरटे विणावयास घेतो. अर्धवट राहिलेले घरटे हे बहुधा नापसंत ठरलेले घरटे होय. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पक्षिशास्त्रात त्याची महत्त्वाचा अभ्यास म्हणून गणना झाली.

येथे मराठी शिक्षकाच्या मनात एक प्रश्न उभा राहिल्यावाचून राहणार नाही. ‘सुगरण’ हे नाव स्त्रीलिंगी. बहिणाबाईंच्या कवितेतील खोपा विणणारीही आईच. प्रत्यक्षात विणकर आहे तो पिवळ्या टोपीचा नर. म्हणून कविता खोटी ठरत नाही. कवितेचे सत्य निराळे आणि झाडाखाली उभे राहून पाहिलेले सत्य निराळे. शाळेत दोहोंना जागा आहे, मात्र दोहोंचे तास वेगळे आहेत. सुगरण आपल्या घरट्यात ओल्या मातीवर काजवे चिकटवून दिवा लावते, अशीही एक समजूत सांगितली जाते. घरट्याच्या आत चिखलाचे गोळे लावलेले असतात, एवढा भाग खरा आहे. वाऱ्याने पडलेले जुने घरटे पावसाळा सरल्यावर वर्गात आणून उकलले, तर हे गोळे विद्यार्थ्यांना स्वतःच्या हातांनी तपासता येतात. काजवा सापडला नाही, तर तसे वहीत लिहावयाचे.

किहीमच्या या कामास प्रयोगशाळा लागली नाही, दूरचा प्रवासही लागला नाही. एक जागा, एक ऋतू आणि रोजची नोंद, एवढेच त्याचे भांडवल. दोनशिक्षकी शाळेसही हे भांडवल परवडण्यासारखे आहे. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीत तळी पुष्कळ आहेत. कोठे देवळापुढे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांचे तळे असते, चौलच्या रामेश्वरापुढील पोखरणीसारखे. कोठे वेशीबाहेर गुरांचे तळे, कोठे धरणाचा फुगवटा. त्यांतील जे शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर असेल, ते उत्तम. मोठे तळे दूर आहे म्हणून जवळचे लहान तळे टाकू नये. लहान तळ्यावर पक्षी थोडे असतात, आणि थोडे असतात म्हणूनच मुलांना ते सारे ओळखीचे होऊ शकतात.

तळ्याच्या काठी उभे राहण्याची एक जागा प्रथम ठरवावी व ती पुढे बदलू नये. आठवड्यातून एकच दिवस घ्यावा. शनिवारची सकाळची शाळा या कामास सोयीची आहे. वर्ग भरण्यापूर्वी अर्धा तास, एका वेळी चार-पाचच विद्यार्थी, आणि त्यांच्याबरोबर शिक्षक स्वतः. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्या शेवाळाने अतिशय निसरड्या होतात; मुलांना पाण्याच्या कडेची पायरी वर्ज्य असावी, आणि पोहता येणाऱ्या मुलासही या नियमातून सूट नसावी. एकाने पाहावे, दुसऱ्याने मोजावे, तिसऱ्याने लिहावे. पुढच्या शनिवारी ही कामे आपसांत बदलावी.

वहीत प्रथम दिनांक, वेळ व आकाशाची स्थिती लिहावी. त्यानंतर पाण्याची पातळी. तिच्यासाठी वेगळे साधन नको. घाटाच्या वरपासून किती पायऱ्या उघड्या आहेत, हे मोजले की झाले. पायऱ्या नसतील तेथे एखादा ठळक दगड खुणेचा धरावा. मग पक्ष्याचे नाव, संख्या आणि तो काय करीत होता ते. शेवटचा रकाना मुले टाळतात. ‘बगळा, ३’ एवढे लिहून मोकळे होणाऱ्या विद्यार्थ्याला, ते तिघे उभे होते की चालत होते, एकाने काही पकडले काय, पकडले ते मासा होते की बेडूक, असे विचारावे. पुढच्या वेळी तो अधिक वेळ पाहील.

नावांविषयी घाई करू नये. मुलाच्या घरी जे नाव चालते, ते प्रथम लिहावे. ग्रंथातील नाव शिक्षकांनी मागाहून शेजारी लिहावे. आगरी, कोळी, कातकरी, ठाकूर अशा घरांतून येणाऱ्या मुलांना पक्ष्यांच्या सवयी शिक्षकांपेक्षा अधिक ठाऊक असतात, हे मोकळ्या मनाने मान्य करावयास हवे. ज्याच्या खिशात बेचकी असते, त्या मुलाला पाणकोंबडी कोणत्या झुडपातून बाहेर येते, हे नेमके माहीत असते. बेचकी काढून घेऊन त्याला वर्गात शरमिंदे करण्यापेक्षा वहीची पहिली पाळी त्याच्याकडे द्यावी. पाणकोंबडी येण्याची वेळ तो सांगेल. ती वहीत त्याच्या नावानिशी नोंदली गेली, म्हणजे त्या पाणकोंबडीशी त्याचे नाते बदलण्याचा संभव आहे. नेहमीच बदलेल असे नाही. परंतु दटावणीने ते मुळीच बदलत नाही.

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडते, तेव्हा तळ्याचेही वर्ष नव्याने सुरू होते. मृगाच्या सरी पडून गेलेल्या असतात, पाणी गढूळ व वाढते असते. पांढऱ्या छातीची पाणकोंबडी एरवी झुडपातून चोरून हिंडणारी. ती आता दिवसरात्र ओरडून तळे दणाणून सोडते. टिबुकली पाणवनस्पतींवर तरंगते घरटे बांधते, आणि पिल्ले निघाल्यावर त्यांना पाठीवर घेऊन पोहते. शेतात चिखलणी आणि लावणी चालू असते. नांगरामागून किंवा पॉवर टिलरमागून गायबगळे चालतात. त्यांच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर या दिवसांत केशरी रंग चढलेला असतो. हाच बगळा हिवाळ्यात निखळ पांढरा दिसतो.

या वेषांतराचा विषय थोडा विस्ताराने घ्यावयास हवा; वर्षभराच्या निरीक्षणाचे मर्म त्यात आहे. प्रत्येक तळ्यावर हमखास भेटणारा पक्षी म्हणजे वंचक, ज्याला पुष्कळ ठिकाणी ढोकरी म्हणतात. हिवाळ्यात तो मातकट, रेघारेघांचा, चिखलाशी एकरूप झालेला असतो. अगदी पायांजवळून उडाला म्हणजेच दिसतो. पावसाळ्याच्या आरंभी त्याच पक्ष्याची पाठ गर्द तपकिरी-तांबडी होते, डोके व मान फिकट पिवळसर होतात आणि डोक्यामागे लांब तुरा लोंबू लागतो. जुलैतील पक्षी आणि जानेवारीतील पक्षी शेजारी ठेवले, तर ते एकच आहेत यावर मोठी माणसेही विश्वास ठेवणार नाहीत. साहजिकच वहीत दोन पक्षी नोंदले जातात : ‘तांबड्या पाठीचा बगळा’ आणि ‘मातकट बगळा’. शिक्षकांनी ही चूक लगेच दुरुस्त करू नये. चूक वहीत तशीच राहू द्यावी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तांबड्या पाठीचे बगळे कमी कमी होत जातात आणि मातकट बगळे त्याच प्रमाणात वाढत जातात. एखादा पक्षी अर्धा असा व अर्धा तसा दिसतो. दोन्ही उडताना एकदम पांढरेशुभ्र होतात, कारण पंख दोन्ही वेषांत पांढरेच असतात. या तीन गोष्टी वहीत उतरल्या, की वर्गातील कोणी ना कोणी विद्यार्थी उठून म्हणतो, हे दोन नव्हेत, एकच आहे. ते वाक्य शिक्षकांच्या तोंडून आधीच बाहेर पडले, तर वर्षाचा अर्धा लाभ वाया गेला असे समजावे.

कमळपक्ष्याची गोष्टही अशीच आहे. तळ्यात कमळे अथवा कुमुदिनी असतील तर लांब बोटांनी पानांवरून चालणारा हा पक्षी दिसण्याचा संभव असतो. त्याच्या एका जातीस पावसाळ्यात तलवारीसारखे लांब वाकडे शेपूट असते. हिवाळ्यात ते गळून जाते. शिवाय या कुळात घरची रीत उलटी आहे. मादी नराहून मोठी असते. अंडी घालून ती निघून जाते, आणि अंडी उबविणे, पिल्लांना सांभाळणे हे काम नर करतो. सुगरणीत नर घर बांधून पुढे जातो, कमळपक्ष्यांत मादी. एकाच तळ्यावर ही दोन उदाहरणे मिळाली, तर पक्ष्यांच्या संसाराविषयी सरसकट विधान करता येत नाही, हे मुलांना निराळे सांगावे लागत नाही.

भाद्रपदात तळ्यावर वर्दळ वाढते. पेणच्या गणेशमूर्तींची कीर्ती सर्वदूर आहे; किनाऱ्यावरील गावांत मूर्तींचे विसर्जन समुद्रात वा खाडीत होते, पण आतल्या गावांत ते तळ्यातच होते. विसर्जनाच्या आधीचा शनिवार व नंतरचा शनिवार या दोन्ही दिवसांची नोंद अवश्य घ्यावी. पाण्याचा रंग, काठावरचे निर्माल्य, टिबुकली दिसली की नाही, हे सारे जसे दिसले तसे लिहावे. त्यावर वर्गात प्रवचन करण्याचे कारण नाही. दोन शनिवारांच्या नोंदी शेजारी वाचून दाखविल्या म्हणजे पुरे.

याच सुमारास पाहुण्यांची चाहूल लागते. ऑगस्ट-सप्टेंबरपासून पाण्याच्या कडेने शेपूट खालीवर हालवीत चालणारा, करड्या पाठीचा एक लहानसा पक्षी एकटा दिसू लागतो, हा तुतवार. त्यामागून धोबी येतो. पाऊस पुरता उघडल्यावर माळभिंगऱ्या विजेच्या तारांवर रांगेने बसू लागतात. हे पक्षी उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतून हजारो किलोमीटर प्रवास करून येतात, आणि त्यांतील एखादा त्या गावच्या तळ्यावर उतरतो. तुतवार प्रथम कोणत्या दिनांकास दिसला, हे वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे व दर वर्षी त्याखाली पुढच्या वर्षाचा दिनांक लिहीत जावे. भूगोलाच्या तासाला सैबेरिया हा शब्द त्यानंतर निराळ्या रीतीने ऐकला जाईल.

नोव्हेंबरच्या ५ ते १२ तारखांस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या सप्ताहात पुष्कळ शाळांत भाषणे होतात, चित्रे काढली जातात. त्यांत वावगे काही नाही. तथापि दिवाळीच्या सुटीमुळे सप्ताह पुढेमागे झाला तरी परिपाठात वहीची दोन पाने विद्यार्थ्यांनी वाचावी, यासारखा समारंभ नाही. जानेवारीत अनेक देशांत एकाच वेळी आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे. त्या महिन्यातील एका शनिवारी सारे पक्षी नीट मोजावे. अडई बदकांचा थवा मोठा असेल तर प्रथम दहा पक्षी मोजावे, दहा पक्ष्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत साठवावे, आणि तेवढ्या किती जागा थव्यात बसतात ते पाहावे. अंदाज व प्रत्यक्ष मोजणी यांत किती अंतर पडले, हा पाचवीच्या वर्गास उत्तम गणिताचा प्रश्न आहे.

हिवाळ्यातच एक मोह उत्पन्न होतो. उरणच्या पाणथळीत आणि ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात, त्यांची चित्रे वृत्तपत्रांत येतात, आणि एके शनिवारी गावच्या गुरांच्या तळ्यावर वहीत ‘रोहित, २’ अशी नोंद पडते. असे लिहिणारा विद्यार्थी लबाड असतो असे नव्हे. आपले तळेही कोणाहून कमी नसावे, ही त्याची इच्छा असते. रागावू नये. रोहित कोठे उभा होता, पाणी त्याच्या पायांवर कोठवर आले होते, चोच पाण्यात कशी घालीत होता, एवढे शांतपणे विचारावे. ज्याने पाहिले तो उत्तर देतो. ज्याने पाहिले नाही तो स्वतःच नोंदीवर रेघ ओढतो. रेघ ओढलेली नोंद खोडून टाकू नये, वाचता येईल अशी ठेवावी. ज्या दिवशी एकही पक्षी दिसला नाही, त्या दिवशी ‘आज एकही नाही’ असे पूर्ण वाक्य लिहावे. आणि ज्या दिवशी कोणी गेलेच नाही, त्या दिवशी ‘गेलो नाही’ असे. या दोहोंत जो भेद आहे तो सांभाळणे, हे वहीचे पहिले काम आहे.

आता छायाचित्रांविषयी. आज बहुतेक शिक्षकांजवळ मोबाईल असतो आणि पक्ष्याचे छायाचित्र घेण्याची हौस स्वाभाविक आहे. मोबाईलमध्ये दूरचा पक्षी ठिपक्याएवढा येतो, म्हणून पुष्कळजण निराश होतात किंवा जवळ जवळ सरकत जातात. दोन्ही व्यर्थ. दुर्बीण असेल तर तिच्या डोळा लावावयाच्या भिंगास मोबाईलचे भिंग नीट टेकवून घेतल्यास बऱ्यापैकी चित्र मिळते. हात स्थिर ठेवण्यास थोडा सराव मात्र लागतो. परंतु शाळेच्या कामास सुंदर चित्राची गरज नाही. वंचकाची पाठ तांबडी होती की मातकट, एवढे ओळखू आले तरी ते चित्र उपयोगाचे. वर सांगितलेला दोन बगळ्यांचा घोळ अशाच साध्या, दिनांक असलेल्या पाच-सहा चित्रांनी सुटतो.

पक्ष्याच्या चित्राहूनही अधिक मोलाचे एक चित्र आहे, आणि ते सहसा कोणी घेत नाही. ते खुद्द तळ्याचे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, त्याच पायरीवर उभे राहून, समोरचे तेच झाड मधोमध धरून एक चित्र घ्यावे. वर्षाअखेर बारा चित्रे एका ओळीत मांडली, की पाणी कसे चढले, उतरले, जलपर्णी केव्हा पसरली, काठाचा चिखल केव्हा उघडा पडला, हे वाचता न येणाऱ्या पहिलीतल्या मुलासही दिसते. मोबाईलमध्ये चित्राबरोबर दिनांक व वेळ साठविली जाते. परंतु व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविलेल्या चित्रातून मूळ दिनांक नाहीसा होण्याचा संभव असतो, म्हणून चित्राचा क्रमांक व दिनांक वहीतही लिहावा.

घरट्याच्या बाबतीत मात्र हौसेला आवर घातलाच पाहिजे. घरटे नीट दिसावे म्हणून पाने बाजूस सारली, की ते कावळ्यालाही नीट दिसू लागते. पक्षी अंड्यांवरून उठला, तर उन्हात अंडी तापतात आणि पावसात गार पडतात. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते व ती मातीच्या रंगाची असतात. चित्र घेण्यासाठी मागे मागे सरणाऱ्याच्या पायाखाली ती सहज येतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून आक्रोश करू लागली, म्हणजे आल्या पावली परतावे. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणे, दगड टाकून उडविणे, हे विद्यार्थ्यांसमोर तर कधीही करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानपक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना इजा करणे हा अपराधही आहे. परंतु पिल्लांच्या पोटासाठी दिवसभर खेपा घालणारी सुगरण ज्या मुलांनी पाहिली, त्यांना कायदा सांगण्याची वेळ क्वचितच येईल.

फेब्रुवारीनंतर तळे आटू लागते. पाहुणे पक्षी मार्च-एप्रिलमध्ये एकेक करून निघून जातात. शेवटचा तुतवार कोणत्या शनिवारी होता, हे लिहिणे अवघड असते, कारण तो शेवटचा होता हे पुढच्या शनिवारीच कळते. उथळ पाण्यात मासे कोंडतात आणि बगळे व पाणकावळे दाटीने जमतात. याच दिवसांत गावोगावी तळ्यांची कामे निघतात : गाळ काढणे, काठ बांधणे, सुशोभीकरण करणे. गाळ काढल्याने पाणी टिकते, ही गोष्ट गावास हवीच असते. परंतु कित्येक ठिकाणी तळ्याच्या चारी बाजूंनी उभी भिंत घातली जाते, आणि उतरता, चिखलाचा काठ नाहीसा होतो. तळे पूर्वीहून नेटके दिसते; पाणीही भरते. मात्र तुतवाराला चालावयास काठ राहत नाही, धोब्याला किडे वेचावयास चिखल राहत नाही, पाणकोंबडीला शिरावयास झुडूप राहत नाही. कोणी काही मारलेले नसते. जागा तेवढी गेलेली असते, आणि काय गेले हे सांगणारा कोणी नसतो, कारण काय होते ते कोणी लिहिलेले नसते.

लिहिलेले असले म्हणजे काय होते, याचे उदाहरण गिधाडांचे आहे. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव तळ्याच्या परिसरात डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. गिधाड तेव्हा इतके सर्वसाधारण होते की, ते कशास मोजावयाचे असे कोणासही वाटले असते. १९९० च्या दशकात त्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा गिधाडे झपाट्याने नाहीशी होत आहेत, हे आकड्यांनी सिद्ध करता आले. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे, ती जनावरे मेल्यावर खाणारी गिधाडे मरतात, हे पुढे २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे उंच झाडांवर गिधाडांची घरटी टिकून राहिली, आणि तेथील ग्रामस्थांनी ती राखली. भरतपूरची पहिली मोजणी नसती, तर दुसरी मोजणी केवळ एक आकडा ठरली असती.

गावतळ्याची वही इतके मोठे काम करील असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु तळ्याचा काठ बांधण्याचा विषय ग्रामसभेत निघेल, तेव्हा पूर्वेकडच्या चिखलाच्या काठावर सप्टेंबर ते मार्च दर शनिवारी अमुक पक्षी होते, हे पान उघडून दाखविता येईल. तीन बाजू बांधा आणि एक बाजू उतरती राहू द्या, असे म्हणणे मग नुसत्या हौसेचे राहत नाही. त्यास आधार असतो. गाव ऐकेल किंवा न ऐकेल. न ऐकले तरी पुढच्या वर्षाच्या नोंदी त्याच वहीत चालू ठेवावयाच्या आहेत, आणि भिंत झाल्यावर काय दिसले, तेही तितक्याच अलिप्तपणे लिहावयाचे आहे. भिंतीवर खंड्या येऊन बसला, तर तोही लिहावा.

एक अडचण राहते ती मे महिन्याच्या सुटीची. पाणी सर्वांत कमी होते, नव्या ऋतूचे पक्षी रंग बदलू लागतात, आणि नेमकी त्याच वेळी शाळा बंद असते. तळ्याच्या शेजारी राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याकडे, शक्यतो दोघांकडे, सुटीपुरती वही सोपवावी. वही हरवेल, भिजेल या भीतीने ती कपाटात बंद करून ठेवू नये. एप्रिलअखेर तिच्या सर्व पानांची मोबाईलवर चित्रे घेऊन ठेवली म्हणजे ही धास्ती उरत नाही. त्यांच्याकडून मोजणी होवो न होवो, उघड्या पायऱ्यांची संख्या आणि पहिला पाऊस पडल्याचा दिनांक एवढे दोन आकडे त्यांनी लिहून आणावे. जूनमध्ये वर्ग बदलेल, वही तीच राहील. जुन्या वर्गातील दोन विद्यार्थ्यांनी पहिल्या शनिवारी नव्या मुलांना तळ्यावर न्यावे, उभे राहण्याची पायरी दाखवावी आणि वही त्यांच्या हाती द्यावी.